ब्रेकची थरथर आणि गाडीचे गचके : भोसरीतील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

मोठ्या एसयूव्हीच्या ब्रेकची थरथर आणि तिची कडक चाल या दोन तक्रारी बहुतेक सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डाच्या दोन वेगळ्या ओळींवर लिहिल्या जातात, दोन वेगळ्या माणसांकडे जातात आणि दोन वेगळ्या उपायांनी तात्पुरत्या मिटवल्या जातात. पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत असलेल्या एका स्वतंत्र गॅरेजने माझ्या गाडीतील या दोन्ही तक्रारी एकत्र तपासल्या, सुटे भाग मागवण्याआधी मोजमापे घेतली आणि मोजमापांत जे दिसले तेवढेच दुरुस्त केले. हे परीक्षण त्या कामाचे आहे. गॅरेजचे नाव देत नाही, कारण तेथे दोनच लिफ्ट आहेत, आधीच रांग असते आणि ती आणखी वाढू नये अशी मालकांचीच इच्छा आहे. गाडीच्या कंपनीचे नावही मुद्दाम टाळले आहे, कारण शेवटी जे दोष सापडले त्यांतला एकही कारखान्यातून आलेला नव्हता.

गाडीचे स्वरूप मात्र सांगायला हवे. ही सात आसनांची, ऑटोमॅटिक गिअरची डिझेल एसयूव्ही आहे. रिकाम्या गाडीचे वजन २१०० किलोच्या आसपास आहे. बांधणी लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली), पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म), मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग, टायर २६५/६५ आर १७. फॉर्च्युनर, एन्डेव्हर, एमयू-एक्स, स्कॉर्पिओ-एन या गाड्यांची रचना ढोबळमानाने अशीच असल्याने पुढील बऱ्याच गोष्टी त्यांच्या मालकांनाही लागू पडतील. मोनोकॉक (वेगळी फ्रेम नसलेल्या) बांधणीच्या, मागची चाके स्वतंत्र असलेल्या गाड्यांना ब्रेकविषयीचा भाग लागू पडेल. चालीविषयीचा तितकासा नाही.

तक्रार अशी होती. द्रुतगती मार्गावर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात असताना ब्रेक हलका दाबून धरला की सुमारे सत्तरपर्यंत वेग उतरेतो स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरत असे. पन्नासच्या खाली काहीच जाणवत नसे, आणि ब्रेक न दाबता त्याच वेगात गाडी अगदी स्थिर चालत असे. याआधी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पुढच्या ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेक लावताना दाबल्या जाणाऱ्या चकत्या) एकदा लेथवर घासून आणि नंतर एकदा नव्या बसवून झाल्या होत्या. दोन्ही वेळा थरथर पूर्ण गेली आणि काही हजार किलोमीटरनंतर सावकाश परत आली. दुसऱ्या वेळी मिळालेले स्पष्टीकरण असे की घाटात ब्रेक फार वापरला जातो, म्हणून डिस्क 'बेंड' होतात. चालीबाबतची तक्रार निराळी होती : छोट्या खड्ड्यांवर आणि काँक्रीटच्या रस्त्यातील सांध्यांवर गाडी कडक गचके देई, आणि मोठ्या गतिरोधकावरून उतरल्यावर मात्र पुढचा भाग एकदोनदा जास्तच डुले. एकाच गाडीने लहान धक्क्याला कडक आणि मोठ्या धक्क्याला सैल वागावे यातच खरे तर निदानाचा धागा होता, पण तो कोणी हाती घेतला नव्हता.

भोसरीच्या गॅरेजमध्ये फोनवर दर सांगत नाहीत. गाडी आणा, आधी चालवून पाहू, तपासणीचे पैसे वेगळे पडतील, एवढेच उत्तर मिळते. तपासणीचे पैसे वेगळे घेण्याची ही पद्धत सुरुवातीला खटकते. परंतु मेकॅनिकची कमाई केवळ भाग बदलण्यावर अवलंबून राहिली नाही की तो भाग न बदलण्याचा सल्लाही मोकळेपणाने देऊ शकतो, हे बिल हाती आल्यावर पटले.

मालकांनी स्वतः गाडी चालवली. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो आणि आसनातून वर आली तर मागच्या; थरथर ब्रेकविना येत असेल तर आधी टायरचे बॅलन्सिंग पाहायचे. एवढे तर कोणताही अनुभवी मेकॅनिक करतो. येथे त्यापुढे जाऊन वेगाचा हिशेब मांडला गेला. या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, म्हणजे परीघ जवळपास २.४४ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, तेव्हा चाक सेकंदाला अकराहून थोड्या अधिक फेऱ्या घेते, आणि ऐंशीच्या वेगाला सुमारे नऊ. चाक, हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) आणि आर्म (हबला गाडीशी जोडणारा दांडा) यांचा जो भार स्प्रिंगच्या खाली असतो, त्याची स्वतःची वरखाली होण्याची लय बहुतेक गाड्यांत सेकंदाला दहा ते पंधरा वेळांच्या आसपास येते. म्हणजे प्रत्येक फेरीत एकदा बसणारा ब्रेकचा बारीकसा हिसका नेमका शंभरच्या अलीकडे-पलीकडे सस्पेन्शनच्या लयीला जुळतो आणि मोठा होतो. तो किती मोठा व्हावा हे ठरवतात शॉकअप (स्प्रिंगचे डुलणे आवरणारे) आणि आर्मचे बुश (सांध्यातले धक्का जिरवणारे रबर). म्हणून शोध दोन गोष्टींचा घ्यायचा : हिसका कोठून येतो आणि तो अडवायला हवा होता तो भाग का अडवत नाही. दोन्ही तक्रारी एकत्र पाहण्याचे कारण हे होते, आणि या गॅरेजचे माझ्या मते सर्वांत मोठे श्रेय तेच आहे.

चाके काढल्यावर डिस्क व्हील नटांनी आणि वॉशरनी हबवर घट्ट दाबून बसवली गेली आणि मग तिच्या कडेजवळ डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे उपकरण) लावून ती सावकाश फिरवली गेली. डावी डिस्क एका फेरीत ०.०३ मिलिमीटर डोलत होती, उजवी ०.११. बहुतेक गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते. त्यानंतर मायक्रोमीटरने डिस्कच्या सर्व बाजूंनी थोड्याथोड्या अंतरावर जाडी मोजली. उजव्या डिस्कच्या जाडीत एका भागात ०.०२८ मिलिमीटरचा फरक निघाला. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, तेव्हा हा फरक त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण जाडीत ०.०१५ ते ०.०२० मिलिमीटर फरक पडला की संवेदनशील गाडीत तो हाताला जाणवू लागतो. जाड भाग डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडखाली आला की पॅड आणि पिस्टन मागे ढकलले जातात, ऑइलचा दाब क्षणभर वाढतो, ब्रेकची पकड वाढते आणि पातळ भाग आला की ती उतरते; दर फेरीला हा चढउतार स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो.

येथे 'बेंड' झालेल्या डिस्कच्या समजुतीविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण त्या समजुतीपायी पुष्कळ पैसा वाया जातो. बिडाची जाड, हवा खेळण्यासाठी मधून पोकळ ठेवलेली डिस्क साध्या वापरात उष्णतेने सहसा वाकत नाही. ती डोलते ती बहुतेक वेळा ज्या जागी बसवली त्या जागेमुळे. डोलणारी डिस्क पहिल्या दिवशी थरथर निर्माण करीत नाही, कारण पॅड धरणारा तरंगता कॅलिपर तिच्यामागे थोडा सरकत राहतो. पण ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला चाटून जातो, तेथे ती कणाकणाने झिजते, आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीतील फरक हाताला जाणवण्याइतका होतो. नवी डिस्क घातली की थरथर जाते आणि मग 'पुन्हा बेंड झाली' म्हणून परत येते, हा जो अनुभव असंख्य मालकांना येतो, त्यामागे बहुधा हीच प्रक्रिया असते. लेथवर घासल्याने डिस्कचे दोन्ही पृष्ठभाग समांतर होतात हे खरे. पण लेथवर ती लेथच्या केंद्रावर बसलेली असते, गाडीच्या हबवर नाही. हब मळलेला असेल तर डोलणे तसेच राहते आणि झिजेचा नवा हप्ता सुरू होतो.

माझ्या गाडीत तेच झाले होते. उजवी डिस्क काढल्यावर हबच्या सपाट चकतीवर, दोन स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या बोल्टांच्या) मधोमध, गंजाचा पक्का पापुद्रा दिसला. दोन्ही वेळच्या दुरुस्तीत तो कोणी खरवडला नव्हता. हबची चकती लहान आणि डिस्क मोठी, त्यामुळे हबच्या कडेला जेवढी उंची राहते त्याच्या जवळपास दुप्पट डोल डिस्कच्या कडेला दिसतो. पापुद्रा काढून, बारीक पॉलिश कागदाने चकती स्वच्छ करून खुद्द हबवर गेज लावल्यावर काटा ०.०१५ च्या आत राहिला. म्हणजे हब आणि बेअरिंग दोन्ही निर्दोष होते. या ठिकाणी हब असेंब्ली बदलण्याचा सल्ला देऊन मोठे बिल करणे सहज शक्य होते.

उजव्याच बाजूला दुसरा दोष सापडला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली खालची पिन रबरी टोपी फाटून आत पाणी गेल्याने जवळजवळ जखडली होती. आतल्या पॅडची जाडी तीन मिलिमीटर उरली होती आणि बाहेरच्या पॅडची सात. कॅलिपर मोकळेपणाने परत सरकत नसल्याने आतला पॅड डिस्कला लागूनच राहत होता आणि झीज मुख्यतः आतल्या पृष्ठभागावर, एकाच भागात होत होती. फेरीत एकदाच हिसका का बसत होता याचा उलगडा त्यातून झाला. पिना साफ करून नव्या टोप्या आणि ब्रेकसाठीच असलेले सिलिकॉन ग्रीस वापरले गेले. बेअरिंगचे साधे ग्रीस येथे लावले तर रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. कित्येक ठिकाणी ते सर्रास लावले जाते, म्हणून हा तपशील लक्षात ठेवावा.

उजवी डिस्क गॅरेजने घासून वापरली नाही. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपर्यंत फारसे अंतर उरले नव्हते आणि मोठ्या गाडीत पातळ डिस्क उष्णता साठवायला कमी पडते. शिवाय पृष्ठभागावर निळसर डाग होते. अतिशय तापलेल्या बिडात, साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास, सिमेंटाइट नावाचा कठीण घटक तयार होतो. तो भाग घासूनही पुरता जात नाही आणि पुढे इतर पृष्ठभागापेक्षा कमी झिजून उंच राहतो. डावी डिस्क चालण्याजोगी असली तरी जोडी एकदमच बदलावी लागते हे मला मान्य झाले. नव्या डिस्क कंपनीच्याच घेतल्या. भोके पाडलेल्या आणि खाचा असलेल्या आयात डिस्कविषयी मी विचारले होते. दिसण्यापलीकडे या गाडीला त्यांचा उपयोग नाही, असे उत्तर मिळाले आणि ते बरोबर आहे असे माझेही मत आहे.

बसवण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल पुसल्यावर ती हबवर ठेवून पुन्हा गेज लावले, तेव्हा उजवीकडे ०.०६ आले. हे मर्यादेत होते, तरीही डिस्क काढून एक स्टड पुढे सरकवून पुन्हा मोजली. सहा स्टडच्या हबवर डिस्क सहा प्रकारे बसू शकते आणि डिस्कचा बारीक दोष हबच्या बारीक दोषाच्या विरुद्ध आला की दोन्ही एकमेकांना कापतात. तिसऱ्या जागी काटा ०.०२५ वर स्थिरावला. तेथे खूण करून डिस्क कायम केली. चाके लावताना हवेची गन फक्त नट टेकेपर्यंत वापरली आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या १०५ न्यूटन-मीटरला दिला. पंक्चरच्या दुकानात गनने एक नट फार आणि दुसरा कमी आवळला गेला की डिस्कचा मधला भाग असमान दाबला जातो आणि इतक्या कष्टाने मिळवलेले ०.०२५ पुन्हा बिघडू शकते. त्यामुळे गाडीत स्वतःचा टॉर्क पाना ठेवणे मला आता चैनीचे वाटत नाही.

यानंतर डिस्क आणि पॅड एकमेकांना बसवून घेण्याचे काम मोकळ्या रस्त्यावर केले गेले : साठच्या वेगातून मध्यम दाबाने वीसपर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, थोड्या थोड्या अंतराने आठ-दहा वेळा, आणि मग काही किलोमीटर ब्रेक शक्यतो न लावता थंड होऊ देणे. पॅडच्या द्रव्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसावा हा हेतू. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि तोही थरथरीचे कारण होऊ शकतो. घाट उतरून टोलनाक्याच्या रांगेत उभे राहताना आपण सारे नेमके हेच करतो.

आता चालीचा भाग. लिफ्टवर गाडी असतानाच पुढच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून आर्म हलवून पाहिला, तेव्हा दोन्ही बाजूंचे रबर मधल्या नळीपासून सुटत आलेले दिसले. उजवीकडचे जवळजवळ पूर्ण. हाच बुश ब्रेक लावताना चाकाला मागे ढकलणारा जोर सोसतो. तो फाटला की प्रत्येक हिसक्याला चाक किंचित मागेपुढे होते आणि ती हालचाल स्टिअरिंगच्या दांडीतून थेट हातात येते. त्याच फाटक्या बुशमुळे लहान खड्ड्याचा धक्का रबरात न जिरता धातूवर धातू आपटल्यासारखा केबिनमध्ये येतो. ब्रेकची थरथर आणि गचके यांची गाठ येथे पडत होती, आणि केवळ डिस्क बदलून गाडी परत दिली असती तर थरथर दबली असती, पण अर्धीच.

कंपनी बुश सुटा देत नाही, पूर्ण आर्म घ्यावा लागतो. गॅरेजने योग्य मापाचे बुश नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारातून आणले आणि प्रेसवर बसवले. या बुशच्या दर्जाविषयी मी आत्ता ठाम बोलणार नाही. रबराची खरी परीक्षा दोन पावसाळ्यांनंतरच होते. बसवण्याविषयी मात्र बोलता येईल. असे बुश आवळताना चाक हवेत लोंबकळत ठेवायचे नसते. गाडी लिफ्टवर असताना आर्म खाली लटकलेला असतो. तेव्हाच बोल्ट पक्का केला तर गाडी जमिनीवर येताच बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो, स्वतःच एक जादा स्प्रिंग बनून चाल कडक करतो आणि वर्षाच्या आत फाटतो. येथे आर्मखाली आधार देऊन गाडीचे वजन चाकावर आणले, आणि मगच बोल्ट आवळले. नव्या बुशांनंतर गाडी 'अजून कडक झाली' असे सांगणारे अनेक मालक मला भेटले आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गाडीत हा एकच टप्पा गाळलेला असावा.

शॉकअपच्या बाबतीत निवड माझ्यावर सोपवली गेली. पुढचे दोन्ही शॉकअप थकलेले होते, एकावर तेलाचा ओघळही होता. मागचे त्या मानाने बरे, तरी त्याच वयाचे. पर्याय तीन होते : कंपनीच्या मूळ बनावटीचे दुहेरी नळीचे शॉकअप, बिल्स्टीनचे बी-६, आणि ओल्ड मॅन एमूचा स्प्रिंगसह येणारा ऑस्ट्रेलियन संच. समाजमाध्यमांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाची इतकी वाखाणणी होते की कोणतीही चाल त्यांनी सुधारते असा समज होऊन बसला आहे. बी-६ हा एकेरी नळीचा, उच्च दाबाच्या वायूचा शॉकअप असून तो मूळ शॉकअपपेक्षा मुद्दाम जास्त रोध देतो. वेगात वळणावर गाडी झुकू नये, लांब प्रवासात तापून त्याची ताकद कमी होऊ नये, यासाठी तो उत्तम आहे. पण ज्याची तक्रार कमी वेगातील गचक्यांची आहे त्याला तो बहुधा अधिक कडक वाटेल. ओल्ड मॅन एमूच्या स्प्रिंग गाडीवर कायम असणाऱ्या वजनानुसार निवडायच्या असतात. छतावर तंबू, मागे जादा इंधन, पुढे विंच असे काहीच नसलेल्या कुटुंबाच्या गाडीत जड वजनाच्या स्प्रिंग बसवल्या की ती रिकामी असताना उड्या मारते. हे दोन्ही पर्याय अधिक नफ्याचे असूनही गॅरेजने ते मला नाकारायला सांगितले आणि चारही मूळ बनावटीचे शॉकअप बसवले. गाडीची उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगखाली रबरी ठोकळे घालून देण्याचे काम ते करतच नाहीत. त्याने बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्ट यांचे कोन बिघडतात, हे त्यांचे कारण.

सर्वांत स्वस्त सुधारणा टायरची होती. दरवाजाच्या खांबावरील पट्टीवर हवेचा दाब २९ पीएसआय लिहिलेला असताना चारही टायरमध्ये ३७-३८ निघाले. मोठी गाडी म्हणजे जास्त हवा, अशी आपल्याकडे टायरवाल्यांची पक्की समजूत आहे, आणि 'नायट्रोजन' भरून घेतला तरी आकडा तोच राहतो. टायर हीसुद्धा स्प्रिंगच असते; तिच्यात चतुर्थांश जादा हवा असेल तर खालचे दहा हजारांचे शॉकअपही छोट्या सांध्यावर काही करू शकत नाहीत. थंड टायरमध्ये ३० ठेवायला सांगितले गेले आणि सात माणसे व सामान असेल तेव्हा पट्टीवरच्या जादा भाराच्या आकड्यापर्यंत न्यायला. टायर बदलण्याची वेळ येईल तेव्हा जाड कडांचे, हलक्या ट्रकच्या वर्गातले ऑल-टेरेन न घेता साधे हायवे टायर घ्यावेत, हा सल्लाही मला योग्य वाटतो. ज्यांना दरवर्षी चार दिवस कच्च्या रस्त्यावर जायचे असते ते उरलेले वर्षभर त्या कडांचे धक्के खातात.

परिणाम कसा आहे? शंभरच्या वेगातून हलका, लांब ब्रेक लावला असता स्टिअरिंग आता शांत राहते. पण केवळ सरळ रस्त्यावरचा निकाल पुरेसा नव्हता, म्हणून बोरघाट उतरून पाहिला. लोणावळ्यापासून खोपोलीच्या पायथ्यापर्यंत उतार पाचशे मीटरहून अधिक आहे. प्रवासी आणि सामान धरून २६०० किलोची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती तीच गाडी शंभरच्या वेगातून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी भरते, आणि इंजिनाचा रोध वापरला नाही तर ती सगळी चार डिस्कमध्ये उष्णता म्हणून जाते. खालच्या गिअरमध्ये, ब्रेक थोडा वेळ ठामपणे लावून सोडत उतरल्यावर पायथ्याशी पुन्हा तपासले. थरथर नव्हती, ब्रेकचे पेडल मऊ पडले नव्हते, जळका वास नव्हता. पेडलच्या कडकपणाचे श्रेय काही अंशी नव्या ब्रेक ऑइललाही आहे. डॉट-४ ऑइल नवे असताना किमान २३० अंशांना उकळते, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. जुने ऑइल काळपट निघाले होते. साधारण दीड हजार किलोमीटरनंतर गॅरेजने डिस्क विनामूल्य पुन्हा मोजली आणि जाडीतील फरक ०.००५ च्या आत असल्याचे दाखवले. हे दुसऱ्यांदा मोजणे मी इतरत्र कोठेही पाहिलेले नाही.

चालीतील सुधारणा लक्षणीय आहे, पण तिला मर्यादा आहेत. पुढच्या आसनांवर गचके निम्म्याहून कमी वाटतात आणि गतिरोधकानंतरचे डुलणे एका हालचालीत थांबते. मागच्या, तिसऱ्या रांगेत मात्र काँक्रीटच्या सांध्यांवर अजूनही टकटक जाणवते. सलग अॅक्सल, डिफरन्शियल आणि दोन्ही चाके मिळून होणारे जड वजन स्प्रिंगच्या खाली असते आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोहोचतो. शिवाय सात माणसांसाठी ठरवलेल्या स्प्रिंग दोन माणसांना कडक लागणारच. हे कोणत्याही गॅरेजला दुरुस्त करता येणार नाही, आणि येथल्या मालकांनी ते काम सुरू करण्यापूर्वीच सांगितले होते.

उणिवाही आहेत. काम ठरल्यापेक्षा बरेच लांबले, मुख्यतः बुश मिळवण्यात. त्या काळात कळवायचे कोणी नव्हते, मलाच फोन करावे लागले. बसायला जागा म्हणजे ऑइलच्या डब्यांशेजारी एक बाकडे. व्हील अलाइनमेंट ते बाहेरून करून घेतात आणि पहिल्या वेळी स्टिअरिंग किंचित डावीकडे राहिले. दुसऱ्या दिवशी ते विनाशुल्क सरळ करून दिले, पण गाडी ताब्यात देण्यापूर्वी चालवून पाहिली असती तर ही फेरी वाचली असती. मोजमापांचे फोटो आणि काढलेले भाग न मागता मिळाले, बिलात मात्र 'किरकोळ साहित्य' या नावाखाली बाराशे रुपये होते आणि त्याचा तपशील विचारल्यावरच सांगितला गेला.

एकूण खर्च पंचाहत्तर हजारांच्या आसपास आला : पुढच्या डिस्क आणि पॅड मिळून एकवीस हजार, चार शॉकअपचे तीस, बुश आणि प्रेसचे काम अकरा, बाकी ऑइल, तपासणी, मजुरी आणि अलाइनमेंट. रक्कम लहान नाही. ज्यांची तक्रार फक्त थरथरीची आहे त्यांनी आधी एवढेच मागावे : डायल गेजने डिस्कचा डोल मोजा, डिस्क काढून हबची चकती साफ करा, पुन्हा मोजा, आणि कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का ते दाखवा. हे काम एका सकाळचे आहे आणि त्याला कोणताही नवा भाग लागत नाही. ज्या ठिकाणी गेज नाही किंवा मोजण्याची गरज नाही असे सांगितले जाते, तेथे या गाडीच्या डिस्क मी यापुढे बदलून घेणार नाही. मागच्या चाकांकडचे बुश अजून मूळचेच आहेत. पुढच्या सर्व्हिसच्या वेळी त्यांची तपासणी याच गॅरेजमध्ये करायची ठरली आहे.